नेहमीचेच वेढे

डोहाळजेवण हा शब्द मगदूमांच्या घरात काढायचा नाही असा नियम कुणी केलेला नव्हता, पण पाळत सगळेच होते. चुकून कुणाच्या तोंडून निघालाच, तर दुसरं कुणीतरी लगेच पाण्याचा तांब्या भरायला उठायचं. तसं पाहिलं तर अख्ख्या मिरजेत तो शब्द काढायला निमित्तच उरलं नव्हतं. गरोदर बाईसाठी फुलांच्या वाड्या गुंफून देणारी बाजारातली हारवाली आता नुसते सत्काराचे आणि अंत्ययात्रेचे हार बांधत होती. पाळणे भाड्यानं देणाऱ्यानं दुकानात सायकली मांडल्या होत्या. तान्ह्या मुलाचं रडणं पेठेत औषधालाही ऐकू येत नव्हतं.

एरवी शहर ठणठणीत होतं. तिशीच्या आतल्या माणसाला साधं पडसं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. ही पोरं गंजका खिळा पायात गेला तर उपटून फेकून द्यायची आणि पुन्हा खेळायला लागायची. मगदूमांची ओवी त्यांतलीच. मोठी होऊन ती सतारीच्या कारखान्यात तारा चढवायला लागली, तेव्हा तिच्या बोटांना रोज कापायचं. बोट तोंडात घालायचं आणि पुढची तार हातात घ्यायची, एवढंच औषध तिला ठाऊक होतं. या ओवीचं पोट तिसऱ्या महिन्यात पुन्हा एकदा रिकामं झालं, आणि तिची आई ऋजुता तिला घेऊन डॉक्टर फरहाना मुजावर यांच्या दवाखान्यात येऊन बसली.

आजच्या वाचकाला ऋजुता हे नाव तरुण मुलीचं वाटेल. पण ही गोष्ट घडली तेव्हा ऋजुता, केतकी, सायली असल्या नावांच्या बायका सासवा झालेल्या होत्या आणि गुडघ्यांना तेल चोळत होत्या. ऋजुता लहान असताना लोक साध्या सर्दीलाही प्रतिजैविकांच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या खात. जंतूंना त्या गोळ्यांची इतकी सवय झाली की पुढं पुढं त्यांना काही वाटेनासंच झालं. दाढ काढली, कुत्र्यानं ओरबाडलं, बाळंतपणात टाका पडला, एवढ्या निमित्तानं माणसं जायला लागली. ऋजुताचे वडील दाढेच्याच निमित्तानं गेले. सर्वात जास्त गेली ती बाळं.

अशा दिवसांत सांगली रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेला बाळगुटीतलं अतिविष आठवलं. तान्ह्या मुलाला ताप आला, पोट बिघडलं की घरोघरी सहाणेवर उगाळून देतात तीच ही मुळी. हिमालयातलं अतिविष तोपर्यंत लोकांनी खणून खणून संपवलेलं होतं. मग संस्थेनं त्याच्या मुळ्याच पोलादी टाक्यांत वाढवल्या. माती नाही, पान नाही, ऊन नाही, नुसत्या मुळ्या. त्यांतली एक जात अशी निघाली की तिच्यातलं एक द्रव्य रानातल्या मुळीपेक्षा कितीतरी जास्त. ती उगाळून दिलेली बाळं जगायला लागली. लोकांनी तिचं नाव नवी मुळी ठेवलं आणि तिची पूजा करायचंच काय ते बाकी ठेवलं.

"तीच मुळी आता हिच्या आड येतेय," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. बाई बोलायला परखड होत्या, पण रुग्णाचा हात हातात घेतल्याशिवाय बोलायच्या नाहीत. आत्ताही ओवीचा हात त्यांच्या हातात होता.

"म्हणजे विष आहे का ते?" ऋजुतानं विचारलं.

"विष असतं तर सोपं होतं, काकू. बघा, अंगात दोन तऱ्हेचे पहारेकरी असतात. एक चेहरा ओळखणारे. गोवर एकदा बघितला की जन्मभर विसरत नाहीत. दुसरे अडाणी, दिसेल त्या परक्याला बडवणारे. या दुसऱ्यांना आठवण नसते असं लोक पूर्वी समजायचे. ती असते. चेहऱ्याची नसते, सवयीची असते."

मग त्यांनी टेबलावरची दोऱ्याची गुंडी उचलली. पेशीच्या पोटात जनुकांचा धागा असाच गुंडाळलेला असतो, त्या सांगायला लागल्या. जेवढा लागेल तेवढाच सैल होतो, काम झालं की परत आवळतो. नव्या मुळीतलं द्रव्य लढाईच्या जनुकांजवळची गुंडी सैल करतं. हे रक्तातल्या पेशीत झालं तर ती पेशी चार दिवसांनी मरते आणि गोष्ट संपते. पण हाडांच्या आत मज्जा असते, तिथं या सगळ्या पेशी जन्मतात. तिथल्या मूळ पेशींचीच गुंडी सैल राहिली, तर तिथून निघणारा प्रत्येक पहारेकरी जन्मतःच काठी उगारून निघतो. आयुष्यभर.

"मग चांगलंच की ते," ओवी म्हणाली.

"जंतूंच्या बाबतीत चांगलंच. पण बाळाचं पहिलं वर्ष कुणाला मारायचं हे शिकण्याचं नसतं गं, कुणाला सोडायचं हे शिकण्याचं असतं. पोटात गर्भ राहतो तो निम्मा बापाचा. म्हणजे निम्मा परका. आईच्या गर्भाशयातले पहारेकरी त्याच्याकडं काणाडोळा करतात, म्हणून तू, मी, सगळे जन्माला आलो. तुमच्या पिढीच्या पहारेकऱ्यांना काणाडोळा करायला कुणी शिकवलंच नाही."

ऋजुतानं जे विचारायला नको होतं ते विचारलं. "चाचणीत का नाही दिसलं हे?"

"बाळं थोडीच गरोदर राहतात? पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, मलाही तोच पडलाय. चाचणीत रोज एक वेढा दिलाय. पहिल्या महिन्यात एक, बाराव्या महिन्यातही एकच. एवढ्याशा मात्रेनं पहारा जागा व्हावा आणि वर्षानं गुंडी परत आवळावी, असं आमचं गणित सांगतं. ओवीच्या मज्जेत मात्र कितीतरी पट परिणाम दिसतोय. सगळ्यांच्याच दिसतोय. एवढी मुळी यांच्या पोटात गेली कुठून?"

वेढा म्हणजे मुळी सहाणेवर एकदा गोल फिरवायची. गुटीचं माप तेच, चमचा नाही की थेंब नाही. हे ऋजुताला चांगलंच ठाऊक होतं, कारण ती चाचणी झाली तेव्हा घरोघर फिरून वेढे विचारणारी मुलगी तीच होती.

नुकती पदवी झाली होती. बेडग, आरग, म्हैसाळ अशी गावं तिच्याकडं होती. स्कूटरवरून जायचं, बाळाचं वजन करायचं आणि आईला नाहीतर आजीला विचारायचं, मुळीचे वेढे किती? संस्थेनं दिलेल्या पाटीवर दोन बटणं होती, एक 'तेवढेच' आणि एक 'बदलले'. बेडगची सुबाक्का तिला अजून डोळ्यांपुढं दिसत होती. पायांवर नातू पालथा, हात तेलात.

"वेढे किती दिले, अक्का?"

"नेहमीचेच की, बाई."

ऋजुतानं 'तेवढेच' दाबलं. पुढच्या महिन्यात गेली, तेव्हाही नेहमीचेच. आरगेत नेहमीचेच, म्हैसाळात नेहमीचेच. असं गावंच्या गावं 'तेवढेच' दाबून तिनं काम चोख केलं, आणि संस्थेनं तिला शाबासकीही दिली.

ऋजुता वाढली पुण्यात, सदनिकेत. तिची गुटी औषधाच्या दुकानातून बाटलीत तयार आलेली. गुटीचे वेढे बाळाबरोबर वाढवतात, पहिल्या महिन्यात एक, मग दोन, बाळ बसायला लागलं की आणखी, दात आले की आणखी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुबाक्काच्या घरात ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिथं नेहमीचं म्हणजे वाढतं. पुढं मगदूमांच्या घरी लग्न होऊन आल्यावर, ओवीच्या वेळी, सासूबाई महिन्या महिन्याला वेढे वाढवत होत्या ते ऋजुतानं डोळ्यांनी बघितलं. दिसलं, पण कळलं नाही. तोवर ती नोकरी सोडून शाळेत लागलेली, आणि पहिलटकरणीला सासूच्या हाताकडं बघून प्रश्न पडत नसतात.

आत्ता, दवाखान्यात, तिला ते कळलं. ती काही लपवणाऱ्यांतली बाई नव्हती. तिनं तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं, सुबाक्काच्या तेलाच्या हातांसकट.

डॉक्टरांनी दोऱ्याची गुंडी टेबलावर ठेवली. "म्हणजे तो एक वेढा," त्या म्हणाल्या, "आजवर कुठल्याच बाळानं वर्षभर घेतलेला नाही. तेवढ्यानं बाळ जगतं का, हे कुणालाच माहीत नाही."

अति तिथं माती म्हणतात. इथं तर औषधाच्या नावातच अति होतं, आणि तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी येताना ओवी गाडीत आईशी बोलली नाही. बोलली ती आठवडाभरानं, आणि तेही भांडायलाच. तिचा नवरा मिहिर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. डॉक्टरांकडं एक उपचार होता. त्याला सगळे विसर म्हणायचे. मज्जेत औषध सोडून ती सैल गुंडी पुन्हा आवळायची, म्हणजे पहारेकरी आपली सवय विसरतात. मग गर्भ राहतो. पण विसर पडला की तो सगळ्याचाच पडतो. ओवीसारख्या मुलीचं शरीर कधी साधी लढाई शिकलेलंच नव्हतं. पहारा पुन्हा उभा राहीपर्यंत, म्हणजे बाळंतपण होऊन वर आणखी वर्ष जाईपर्यंत, तिला काचेच्या खोलीत राहावं लागणार होतं. बाहेरचा एखादा जंतू आत गेला तर त्याला आवरणारं औषध कुठल्याच दुकानात नव्हतं.

"मी जाणार," ओवी म्हणाली.

"नाही जायचं. माझी एकुलती एक आहेस तू. तुझ्या जिवापेक्षा मला नातवंड मोठं नाही."

"तुला नसेल. मला मूल पायजे, आई. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी पायजे."

"दुसरं काही कर. एखादं मूल घरी आण."

"कुठनं आणू? आहे का कुठं शिल्लक?" ओवीचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "गुटी देताना मला विचारलं होतंस? नाही ना. विचारता येत नव्हतं, खरंय. मग आता मला विचारता येतंय, तर माझं ऐक की."

ऋजुतानं हातातली कणीक तशीच परातीत ठेवली आणि ती मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिला मुलीचा राग आला होता. राग कसला, भीतीच ती, रागाचं सोंग घेऊन आलेली. मिहिर मागून आला. "मी पण नको म्हटलं तिला, आई," तो म्हणाला. "मग ती म्हणाली, तू सोबत असलास तर बरं, नसलास तरी जाणार."

ओवी गेली. विसर पडायला पावसाळा गेला. नंतर गर्भ राहिला, तिसरा महिना सरला आणि तो तसाच राहिला. त्या दिवशी काचेच्या अलीकडं ऋजुता आणि मिहिर एकमेकांकडं न बघता रडले.

ती खोली म्हणजे एक मोठी काचेची पेटीच होती. हवा गाळून आत जायची, अन्न शिजवून वर पुन्हा तापवून जायचं. बोलायला भिंतीत एक यंत्र होतं. ऋजुता शाळा सुटली की रोज यायची आणि काचेला पाठ लावून स्वेटर विणत बसायची. आतून ओवीही काचेला पाठ लावायची. काच गार असायची, तरी थोड्या वेळानं पाठीला पाठीची ऊब लागते असं ऋजुताला वाटायचं. डॉक्टर म्हणाल्या, ते शक्य नाही, काच दुहेरी आहे.

सातव्या महिन्यात ओवीनंच तो शब्द काढला. "आई, माझं डोहाळजेवण करणार नाहीस होय गं?"

फुलं आत न्यायची सोय नव्हती, फुलावर बुरशी असते. ऋजुतानं पांढरा आणि हिरवा कागद आणला, आणि बाजारातली ती हारवाली आपणहून मदतीला आली. कित्येक दिवसांत तिच्या हातांनी वाड्या केल्या नव्हत्या. दोघींनी कागदाचा मुकुट केला, बाजूबंद केले, कमरपट्टा केला. ते सगळं निर्जंतुक करून आत गेलं. ओवीनं घातलं. बाहेर जमलेल्या बायकांनी काचेवर हळदीकुंकवाची बोटं लावली. पेढा की बर्फी हे विचारायला दोन वाट्या आत पाठवायच्या तर परवानगी नव्हती, म्हणून हारवालीनं दोन मुठी काचेपुढं धरल्या. ओवीनं बोट दाखवलं. मूठ उघडली तर आत काहीच नव्हतं, कारण घाईत कुणी काही ठेवलंच नव्हतं. सगळ्या बायका हसल्या, ओवी तर पोट धरून हसली. ऋजुताला त्या क्षणी बरं वाटलं नाही, पण अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

मुलगी झाली. पोट चिरून, काचेच्या आतच. ओवीनं तिचं नाव आस ठेवलं. सतारीची तार छेडली की बोट उचलल्यावरही जो नाद मागं रेंगाळतो, त्याला वाजवणारे आस म्हणतात. मिहिरनं काचेला नाक लावून लेकीला बघितलं. पोटावरचा टाकाही व्यवस्थित भरून आला. सगळे त्या टाक्यालाच भीत होते, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

घात झाला तो दुसरीकडून. इतके महिने हाताला काम नाही म्हणून ओवी कंटाळली होती. डॉक्टरांनी तिला एक सतार आत मिळू दिली. भोपळ्याची नाही, कृत्रिम धाग्याची, चांगली तापवून काढलेली. ओवी ती बाळाला वाजवून दाखवायची. एक दिवस खुंटी पिळताना तार तुटली आणि तिच्या बोटाला लागली. तिनं बोट तोंडात घातलं आणि दुसरी तार चढवली. सांगितलं कुणालाच नाही. जन्मभर जे केलं तेच केलं, त्यात सांगण्यासारखं तिला काय वाटणार? माणसाच्या तोंडात किती जंतू नांदतात हे डॉक्टरांना ठाऊक होतं. बोट कापल्यानं काही होऊ शकतं, हेच ओवीला ठाऊक नव्हतं. परिचारिकेच्या लक्षात आलं तेव्हा लाली कोपराच्या वर गेली होती.

बाळाला लगेच बाहेर काढून ऋजुताच्या हातात दिलं. ओवी आत तापानं फणफणलेली. यंत्रातून तिचा आवाज यायचा तो मधेच तुटायचा.

"आई, तिला गुटी देणार?"

"तू बरी हो आधी."

"एकच वेढा दे. वाढवू नको. तिला व्हायचं तर आई होता आलं पायजे. नाही व्हायचं तर नको होऊ दे, पण ते तिनं ठरवायचं. देशील ना? एकच."

"एकच," ऋजुता म्हणाली. तिनं काचेवर हात ठेवला. आतून ओवीनं सुजलेला हात उचलायचा प्रयत्न केला आणि तो काचेपर्यंत पोचला नाही.

ओवी गेली. सतारीच्या कारखान्यातली माणसं आली होती, हारवालीनं पैसे न घेता हार आणला. ऋजुतानं स्मशानात काही म्हणजे काही केलं नाही. बाळ मांडीवर होतं, त्याला ऊन लागू नये म्हणून ती पदर धरून बसली होती.

डॉक्टर मुजावरांनी त्याच सुमारास नवी चाचणी सुरू केली. एक वेढा, वर्षभर एकच. ज्यांना विसर घेऊन मुलं झाली अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि त्यांची बाळं हीच काय ती चाचणीतली माणसं. या बाळांवर पुढच्या सगळ्यांचं ठरणार होतं. एका वेढ्यावर बाळं जगली, तर मुलींना पुन्हा काणाडोळा शिकता येणार होता आणि पुन्हा कुणाला काचेत जावं लागणार नव्हतं. नाही जगली, तर माणसानं काय करायचं हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. यावेळी विचारायला कुणी घरी येत नसे. डॉक्टर स्वतः फोन करत आणि साफ विचारत. काल किती, आज किती. नेहमीचे हा शब्द त्या ऐकूनच घेत नसत.

ऋजुतानं सासूबाईंची सहाण घासूनपुसून काढली. रोज सकाळी बाळाला न्हाऊ घातलं की ती नवी मुळी एकदा गोल फिरवायची, गुटीतल्या बाकीच्या मुळ्या उगाळायची, दुधात कालवायची आणि चांदीच्या बोंडल्यानं आसच्या तोंडात घालायची. पोरगी तोंड वेडंवाकडं करायची आणि मग हसायची. हसणं ओवीचंच होतं. ऋजुताला त्या हसण्यानं जगायला बळ यायचं, आणि दुसऱ्याच क्षणी रडू यायचं.

तिसरा महिना लागला आणि आसला ताप भरला. दुपारची वेळ. सकाळपासून दूध ओढत नव्हती. ऋजुतानं कपाळाला हात लावला तर चटका बसला. छाती भराभर वरखाली होत होती. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"इकडं आणू नका," डॉक्टर म्हणाल्या, "वॉर्डात म्हाताऱ्यांमध्ये वाईट साथ आहे. अंग कोमट पाण्यानं पुसा, थेंब थेंब दूध घाला. मी इथून सुटले की येतेच."

"आणि मुळी?"

"आजचा वेढा दिलाय ना? तेवढाच, काकू. मी कुणावर जबरदस्ती करू शकत नाही. पण तेवढाच."

मिहिर कामावरून धावत आला. त्यानं लेकीला उचललं, ती मान टाकत होती. त्यानं ऋजुताकडं बघितलं. "वाढवा."

"मी ओवीला शब्द दिलाय."

"मला माहितेय. मी तिथंच होतो." त्याचा आवाज अगदी शांत होता, त्याचंच ऋजुताला भय वाटलं. "आई, मला नातवंडं नकोत. मला ही पायजे. मुळीचा पहिला जोर काही तासांत येतो म्हणतात. पुढचं पुढं बघू. पुढं असलं तर."

मिहिर लेकीला आतल्या खोलीत घेऊन गेला. ऋजुतानं मांडी घातली, सहाण पुढ्यात ओढली, दुधाचे थेंब टाकले आणि मुळी हातात घेतली. खरंच तिच्या मनात होतं की नुसतंच हातात धरून बसायचं. आतल्या खोलीतून बाळाचा श्वास ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा. तिनं मुळी फिरवली. हा एक. डोळ्यांपुढं ओवीचा काचेपर्यंत न पोचलेला हात आला. तिनं पुन्हा फिरवली. मग हाताला कुणी थांबवलंच नाही. सासूबाईंचा हात असाच फिरायचा, सुबाक्काचा असाच फिरत असणार, तेलानं माखलेला, नातवाचं अंग गरम लागलं म्हणून आणखी एकदा, आणखी एकदा. नेहमीचेच की, बाई. त्या बायकांनी रीतच सांगितली होती. पण रीत तरी कुणी, कशासाठी पाडली होती, हे ऋजुताला आत्ता, सहाणेवर वाकलेलं असताना, कळत होतं. आतून बाळ कण्हलं आणि तिचा हात आणखी जोरात फिरायला लागला.

डॉक्टर त्या संध्याकाळी येऊ शकल्या नाहीत, वॉर्डात माणसं जात होती. सकाळ झाली ती घामानं. आसचं झबलं ओलंचिंब झालं होतं, आणि कपाळ गार. तिनं डोळे उघडले, आजीकडं बघितलं आणि मूठ तोंडात घातली. मिहिर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. ऋजुतानं त्याला उठवलं नाही.

मग फोन वाजला.

"काकू? कशी आहे?"

"ताप उतरला."

पलीकडं मोठा श्वास सुटल्याचं ऐकू आलं. डॉक्टर मुजावरांच्या आवाजात ऋजुतानं इतका आनंद कधी ऐकला नव्हता. "उतरला? एका वेढ्यावर? अल्ला, किती दिवसांनी चांगलं ऐकलं. काकू, तुम्हाला कळतंय का याचा अर्थ काय होतो ते? मी आजच बाकीच्या आयांना कळवते. सगळ्या घाबरल्यात, सगळ्या वाढवायला बघतायत. त्यांना म्हणते, मगदूमांकडं बघा."

ऋजुताच्या हातात फोन होता आणि तोंडात तो शब्द तयार होता. नेहमीचाच. एवढं म्हटलं की ओवीला दिलेला शब्द निदान जगापुढं तरी राहिला असता. डॉक्टरांचा आनंद राहिला असता. आणि कुठल्यातरी गावात कुठलीतरी आई फणफणलेलं बाळ मांडीवर घेऊन, मगदूमांकडं बघून, एका वेढ्यावर थांबली असती.

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "वाढवले."

मग डॉक्टर हळू बोलल्या, रागावल्या नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. "बरं. सांगितलंत हे फार बरं केलंत. मग नीट सांगा, म्हणजे काहीतरी उपयोग होईल. तिला पुढं किती धोका आहे तेही कळेल. किती दिलेत?"

ऋजुतानं सहाणेकडं बघितलं. दगडावर पिवळसर थर वाळून बसला होता. बोटभर लांबीची मुळी झिजून नखाएवढी उरली होती. ती आठवायला लागली. पहिला आठवत होता. दुसरा आठवत होता. त्याच्यापुढं बाळाच्या श्वासाची शिट्टी आठवत होती, आणि काहीच नाही.

"काकू? किती वेढे?"

"मोजले नाहीत," ऋजुता म्हणाली.

आसला भूक लागली होती. तिनं अंग ताणलं आणि घर दणाणून सोडत रडायला सुरुवात केली. खाली रस्त्यात भाजी घेणाऱ्या दोन बायका ते रडणं ऐकायला पिशव्या हातात धरून थांबल्या.